जुने टेबल आणि लाखेचा किडा

जुने लाकडी डायनिंग टेबल दुरुस्तीला घेतले की नवशिक्याचा हात प्रथम पॉलिश पेपरकडे जातो. इतिहास पुसला जातो तो तेथेच.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश टेबलांवरची चकाकी पुष्कळदा ‘फ्रेंच पॉलिश’ची असते. नाव फ्रेंच, द्रव्य मात्र बहुतांशी हिंदुस्थानी. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ स्रवतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करीत, हाच चपडा. मिर्झापूर हे त्या धंद्याचे मोठे केंद्र. लंडनचा कारागीर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवी. (छोटा नागपूरच्या जंगलात लाख गोळा करणाऱ्याचे नाव त्या टेबलावर अर्थातच नसे.) १९२० च्या दशकात फवाऱ्याने मारायचे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि ही मेहनत मागे पडली.

म्हणून आधी परीक्षा. टेबलाच्या न दिसणाऱ्या कडेला स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवावा. थर मऊ, चिकट झाला तर तो बहुधा चपडाच. मग सगळे खरवडण्याची गरज क्वचितच पडते. धूळ व मेण काढून पातळ चपडा चढवला, की तो जुन्या थरात विरघळून एकजीव होतो.