भांडेरचा थांबा आणि वेगांची वजाबाकी

दोन आगगाड्या परस्परांस केव्हा भेटतील, हे उदाहरण शाळेत पिढ्यान्‌पिढ्या सोडविले जाते. त्याची रीत मात्र आगगाडीहून फार प्राचीन आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’च्या गणितपादात आर्यभटाने ती सांगितली. समोरासमोर येणाऱ्यांमधील अंतरास वेगांच्या बेरजेने भागावे, एकाच दिशेने जाणाऱ्यांमधील अंतरास वजाबाकीने. ग्रहांच्या युतीचा काळ काढण्यास ती उपयोगी पडे.

याच वजाबाकीवर झाशीत एकदा प्राण अवलंबून होते. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी लक्ष्मीबाई दत्तकपुत्र दामोदररावांसह किल्ला सोडून काल्पीकडे निघाल्या. सर ह्यू रोजचे घोडदळ पाठलागावर निघाले.

कल्पित आकडे घेऊन हा प्रसंग पाटीवर मांडता येतो. पुढचा स्वार १२ मैल पुढे असून ताशी ६ मैल जातो, मागचा ताशी ८ मैल. वेगांतील फरक २ मैल, म्हणून गाठ पडण्यास ६ तास लागतील. पुढचा थांबला, तर फरक ८ मैल होतो आणि हाती दीड तासच उरतो.

झाशीपासून सुमारे २१ मैलांवरील भांडेर येथे राणी न्याहारीस थांबल्या आणि पाठलाग करणारे तेथे येऊन ठेपले. गणित भेटीची वेळ सांगते, तिचा निकाल सांगत नाही. चकमकीत इंग्रज अधिकारी जखमी झाला, पाठलाग थांबला आणि राणी काल्पीस पोहोचल्या.