खोताचा वाटा आणि घरची भाकरी

महाड-पोलादपूर भागातील मोठ्या शेतकरी कुटुंबाच्या आहाराचा इतिहास चुलीपाशी नव्हे, तर खळ्यापाशी सुरू होतो. सावित्रीच्या खोऱ्यातील सखल जमिनीत भात, तर डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी पिके. खोती गावांत भाताचा अर्धा व वरकस पिकाचा तिसरा हिस्सा खोतास देण्याचा प्रघात होता. त्यांसच अर्धेल व तिर्धेल म्हणत. सारांश, खोताची मागणी भातावर जड होती आणि कुळाच्या घरी मुख्य आधार नाचणीचा राही.

दहा-बारा माणसांची पोटे अल्प धान्यात भरण्याची रीत या मर्यादेतूनच घडली. मूठभर कण्यांची पाणी वाढवून केलेली पेज, नाचणीची आंबील व भाकरी, भातकापणीनंतरच्या ओलीवर घेतलेल्या कुळथाचे पिठले, आणि तोंडी लावण्यास खाडीकडून येणारी सुकी मासळी, असा हा बेत असे. नाचणीला कीड सहसा लागत नाही. म्हणून पावसाळ्याची बेगमी तिच्यावरच होई.

या काटकसरीचे श्रेय गृहिणीच्या सुगरणपणास देणे योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे हे इतिहासाचे अर्धे वाचन होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ चा. त्या विधेयकाचा विषय जमीन होता, तरी त्याचा संबंध रोजच्या पेजेतील दाण्यांशीही होता, हे विसरता येत नाही.