बरें झाल्यानंतरचीं वर्षें

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील अरण्यांत मानेवरची गांठ ही कोणाला फारसें भय वाटण्यासारखी वस्तु नव्हती. गंडमाळा म्हणून ती ओळखली जाई. लेप लावावा, नाहीं तर डाग द्यावा, आणि पुन्हां कामाला लागावें. पुढें क्षयावरील औषधें खेड्यापर्यंत पोंचलीं तेव्हां तीच गांठ क्षयाची ठरूं लागली, आणि बहुतेक वेळां तें निदान खरेंही असे. परंतु क्वचित् एखादी गांठ निराळी असते. ती दुखत नाहीं, पिकत नाहीं, रबरासारखी हातास लागते. सायंकाळीं ताप चढतो, रात्रीं घाम सुटतो, अंग रोडावत जातें. हीं लक्षणें क्षयाचींही आहेत. म्हणूनच लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे, म्हणजे लिंफोमाचे, रोगी भारतांत पुष्कळदां कित्येक महिने क्षयाच्या गोळ्या खाऊन मगच योग्य त्या रुग्णालयाच्या पायरीशीं येतात. तोंवर रोग पुढें सरकलेला असतो. रोग जितका पुढें तितका उपचार कडक, आणि उपचार जितका कडक तितकें त्याचें मागाहून फेडावयाचें देणेंही मोठें. ह्या देण्याचा इतिहास रोगाच्या इतिहासापेक्षां लहान आहे, पण कमी विलक्षण नाहीं.

१८३२ सालीं लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत शवांची चिकित्सा करणारे डॉक्टर टॉमस हॉजकिन यांनीं सात रोग्यांचा वृत्तान्त एका वैद्यक मंडळापुढें मांडला. त्या सातांच्या लसिकाग्रंथि व पानथरी सुजलेल्या होत्या, आणि ही सूज दुसऱ्या कोणत्या व्याधीमागून आलेली नसून हाच एक स्वतंत्र रोग असावा, असें त्यांचें मत होतें. निबंधाकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. तेहेतीस वर्षांनीं, १८६५ त, सॅम्युएल विल्क्स यांनीं त्या रोगास हॉजकिनचें नांव दिलें. तेंही स्वतंत्रपणें त्याच शोधास पोंचल्यावर, पूर्वसूरीचें श्रेय न हिरावतां. असा प्रामाणिकपणा शास्त्राच्या इतिहासांत वाटतो तितका सुलभ नाहीं.

नांव मिळालें, उपाय मात्र मिळाला नाहीं. १८९५ सालीं राँटगेन यांना क्ष-किरण सांपडले आणि सातच वर्षांत, १९०२ मध्यें, शिकागोच्या पुसी यांनीं ते ह्या गांठींवर सोडून पाहिले. गांठी लोण्यासारख्या विरघळल्या. कांहीं महिन्यांनीं त्या परत आल्या. किरण बरें करतात तसे जाळतातही, ही गोष्ट तेव्हांही अगदीं अज्ञात नव्हती. पहिल्या पिढींतल्या कित्येक किरणतज्ज्ञांचे हात त्यांतच गेले, आणि रेडियमच्या शोधकर्त्या मेरी क्यूरी १९३४ सालीं रक्त निर्माण करणारा मगज सुकून निवर्तल्या. परंतु जो रोगी वर्ष-दोन वर्षांतच जावयाचा, त्याला वीस वर्षांनंतर काय होईल हा प्रश्न विचारावयाचा कोणीं?

दुसरें शस्त्र आलें तें रणभूमीवरून. १९१७ च्या जुलैंत ईप्रजवळ मस्टर्ड वायूचा प्रथम वापर झाला. त्या वायूनें कातडी भाजे, डोळे जात, आणि जे कांहीं दिवस जगत त्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा होत. जो पदार्थ पांढऱ्या पेशी मारतो, तो त्या पेशींचाच रोग कां मारणार नाहीं? १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत लुई गुडमन व आल्फ्रेड गिल्मन यांच्या प्रयत्नांतून त्याच वायूच्या जातीचें एक औषध एका मरणोन्मुख रोग्याच्या शिरेंत घालण्यांत आलें. त्याच्या मानेवरील व छातींतील गांठी ओसरल्या. पुढें रोग उलटला आणि तो दगावला. युद्धाच्या गुप्ततेमुळें ही हकीकत १९४६ पर्यंत छापली गेली नाहीं. १९४३ च्या डिसेंबरांत इटलींतील बारी बंदरावर जर्मन विमानांनीं बाँब टाकले, त्यांत ‘जॉन हार्वे’ ह्या जहाजावरील मस्टर्ड पाण्यांत मिसळून शेंकडों लोक होरपळले. ह्या उपचाराचा जन्म बारींत झाला असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. गोष्ट रंगतदार आहे, पण येलचा प्रयोग वर्षभर आधींचा आहे.

ह्या संहारक घराण्यांत एक सात्त्विक नातलग आहे, आणि तो प्रत्येक मराठी अंगणांत उभा आहे. सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो, असा समज देशोदेशीं होता. कॅनडांत नोबल व बीअर हे त्याचा शोध घेत असतां साखर तर उतरली नाहीं, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. १९५८ च्या सुमारास तींतून व्हिन्ब्लास्टिन निघालें, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. दोन्ही आजही लिंफोमावर दिलीं जातात. मात्र देवाला वाहिलेलें हें फूलही अगदीं निरुपद्रवी नव्हे: व्हिन्क्रिस्टिननें हातापायांच्या बोटांस मुंग्या येतात, आणि त्या कांहींच्या बाबतींत वर्षानुवर्षें राहतात.

खरा पालट १९५० नंतर झाला. त्याच वर्षीं टोरांटोच्या व्हेरा पीटर्स यांनीं दाखवून दिलें कीं, आरंभींच्या अवस्थेंत पुरेसे किरण दिल्यास हॉजकिनचा रोगी केवळ तगत नाहीं, तर बरा होतो. कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड येथें हेन्री कॅप्लन यांनीं नव्या वेगवर्धक यंत्रानें मान, काखा व छाती यांवर मिळून, अंगावर उपरणें घ्यावें त्या आकाराचा, चाळीस ग्रेच्या वरचा किरणपात सुरू केला. बेथेस्डा येथें डेव्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६४ पासून चार औषधें एकत्र देऊन पसरलेला रोगही हटविला, आणि १९७० सालीं त्याचा अहवाल दिला. मस्टर्डचा वंशज, सदाफुलीचा अर्क आणि आणखी दोन औषधें, असा तो चौघांचा मेळ होता. जो रोग मृत्युपत्र समजला जाई, त्यांतून तरुण माणसें उठून कामधंद्यास लागलीं, संसारास लागलीं.

आणि मग हिशोब येऊं लागला. प्रथम आला तो रक्ताचा. चार औषधांनीं बरे झालेल्यांपैकीं कांहींना पांच ते दहा वर्षांत रक्ताचा कर्करोग जडला, व तो मूळ रोगाहून दुर्धर होता. पुरुषांपैकीं बहुतेकांना अपत्य होण्याची आशा राहिली नाहीं. मिलानच्या बोनाडोना यांनीं १९७५ सालीं निराळा चौघांचा मेळ पुढें आणला. त्यानें हे दोन्ही धोके पुष्कळच कमी झाले. परंतु त्यांतील एड्रियामायसिन हें एकूण मात्रेची मर्यादा ओलांडली तर हृदयाचा स्नायु दुबळा करतें, आणि ब्लिओमायसिन फुप्फुसांत व्रण धरवितें. म्हणजे सावकार बदलला, कर्ज राहिलें.

किरणांचें देणें त्याहूनही उशिरा येतें. मानेवर किरण घेतलेल्यांची थायरॉइड ग्रंथि मंदावते; थकवा, सूज, थंडी सोसेनाशी होणें हें सारें वयाचें म्हणून सोडून दिलें जातें, वास्तविक एका रक्ततपासणीनें तें कळतें आणि रोजच्या एका गोळीनें आवरतें. छातीवर किरण घेतलेल्यांच्या हृदयाच्या रोहिण्या अकालीं कठीण होतात, झडपा जाड होतात. हें दहा, वीस, तीस वर्षांनीं. सर्वांत दारुण गोष्ट मुलींची. १९९६ सालीं, बालपणीं हॉजकिनमधून बरे झालेल्या १३८० जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत मुलींना चाळिशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शेंकडा ३५ अनुमानिला होता. पुढील पाहणींत हा आंकडा खालीं आला, तरी इतर स्त्रियांच्या मानानें तो कितीतरी पटींनीं अधिकच राहिला.

ह्या धक्क्यांतूनच उपचार बदलले. चाळीस ग्रेचे तीस, आणि जेथें रोग अगदीं आरंभींचा तेथें वीस झाले. उपरण्याएवढें क्षेत्र गांठीपुरतें उरलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगानें दाखविलें कीं, दोन आवर्तनांनंतरच्या तपासणींत रोग दिसेनासा झाला असल्यास पुढें ब्लिओमायसिन वगळतां येतें. मात्र जे आधींच बरे झाले त्यांच्या शरीरांतील किरण कोणी काढून घेऊं शकत नाहीं. त्यांच्यासाठीं एकच उपाय, नजर ठेवणें.

भारतांत ही नजर ठेवण्याची व्यवस्था मुंबईंत सुरू झाली. १९३१ सालीं लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें गेल्या. त्यांच्यामागें दोराबजींनीं मनांत धरलेल्या संकल्पांतून १९४१ च्या फेब्रुवारींत टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें पन्नास वर्षांनीं, १९९१ त, डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानें, उपचार संपलेल्या मुलांसाठीं स्वतंत्र दवाखाना सुरू झाला. रोग नाहीं, तरी यावयाचें. असा हा दवाखाना. २००९ पासून अशा बरे झालेल्या तरुणांचें ‘उगम’ नांवाचें मंडळही आहे.

पण मुंबई चंद्रपुरापासून दूर, आणि भामरागडापासून त्याहूनही दूर. पूर्वीं हा सर्व एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली निराळा झाला. किरणोपचारासाठीं येथील रोगी नागपूरची वाट धरीत आला आहे, आणि चंद्रपुरांतच कर्करोग रुग्णालय उभारण्याचें काम टाटा न्यास, राज्य शासन व जिल्ह्याचा खनिज निधि यांच्या सहकार्यानें हातीं घेण्यांत आलें. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमटे यांनाच २०२२ सालीं पांढऱ्या पेशींचा एक विरळ कर्करोग झाला, तेव्हां त्यांना पुण्यास नेऊन उपचार करावे लागले. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजीं ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, हें त्या जिल्ह्याचें भाग्यच. मात्र अशा योजनांची आखणी मुख्यतः उपचारासाठीं असते. उपचार संपून पंधरा वर्षें झालेला माणूस त्यांच्या नजरेंत सहसा येत नाहीं.

आणि ह्या अरण्यांत त्याचे धोके निराळे आहेत. शहरांतला बरा झालेला रोगी खुर्चीवर बसून काम करतो. येथला तेंदूचीं पानें तोडतो, बांबू वाहतो, आणि त्याचें दुबळें हृदय प्रथम त्या डोंगराच्या चढावर कळतें. तंबाखू व खर्रा तर घरोघर. छातीवर किरण घेतलेल्या माणसानें विडी ओढली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बेरजेनें नव्हे, गुणाकारानें वाढतो. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’नें चालविलेली ‘मुक्तिपथ’ ही तंबाखू-दारूविरुद्धची चळवळ ह्या रोग्यांसाठीं काढलेली नाहीं, तरी त्यांना तिचा लाभ इतरांहून अधिक आहे.

तिसरी गोष्ट पानथरीची. एके काळीं रोग कोठवर पसरला हें पाहण्यासाठीं पोट उघडून पानथरी काढीत. पुढें ती चाल बंद पडली, पण कांहींच्या पानथरीवर किरण पडलेले आहेत. पानथरीवांचून माणूस वरवर धडधाकट दिसतो. परंतु न्यूमोकॉकससारखे जंतु त्याला कांहीं तासांत गांठतात, आणि हिंवताप झाला तर तो विकोपास जाण्याची भीति अधिक असते. महाराष्ट्रांत हिंवतापानें सर्वांत ग्रासलेला जिल्हा गडचिरोलीच. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता तुटतो. तशा दिवसांत थंडी वाजून ताप आलेला, पूर्वीं बरा झालेला एखादा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रांत येतो. तेथल्या डॉक्टरला त्या क्षणीं तीन गोष्टी ठाऊक असावयास हव्यात: पानथरी आहे कीं नाहीं, छातीवर किरण किती ग्रे पडले, आणि एड्रियामायसिन एकूण किती गेलें. ह्या तीन ओळी एका पोस्टकार्डावर मावतात. त्या नागपूर किंवा मुंबईच्या कागदपत्रांत लिहिलेल्याही असतात. रोग्याच्या घरच्या पेटींत मात्र बहुधा जुनी पावती तेवढी असते.