मुखवट्याशेजारचं माणूस

आमचं दशलक्षण पर्व आणि इथे बीडला शेजारच्या काकूंच्या महालक्ष्म्या एकाच सुमारास येतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. माझं एकाशन, म्हणून मी फक्त दर्शनाला जायची. पितळी मुखवटे काकूंना सासूबाईंकडून आलेले.

मुखवट्याला असाच मान आफ्रिकेत आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांत आहे. तिथे गावातल्या हयात, मानाच्या बाईवरून लाकडी मुखवटा कोरतात. पुरुष तो घालून नाचतो, ती बाई सोबत नाचते. १९७१च्या एका फोटोत म्हाताऱ्या मोया यान्सो आपल्या मुखवट्याजवळ दिसतात. बाई थकली की नात्यातली दुसरी तिची जागा घेते.

काकू आता नाहीत. सून म्हणाली, "फ्लॅटमध्ये जागा नाही हो." मी तिला यान्सोबाईंची गोष्ट सांगितली. मुखवट्यांना कोनाडाही पुरतो. शेजारी उभं राहणारं माणूस मात्र लागतं.