शारीरिक शिक्षण, महाविद्यालयीन (जबलपूर)

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना व्यायाम, खेळ व मैदानी स्पर्धांचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणारी, मध्य प्रदेशातील जबलपूर येथील शिक्षणव्यवस्था.

उगम : जबलपूर विद्यापीठाची स्थापना १९५६ मध्ये झाली. १९८३ मध्ये त्याचे ‘राणी दुर्गावती विश्वविद्यालय’ असे नामांतर झाले (⟶ दुर्गावती, राणी). शारीरिक शिक्षण हा त्याच्या विभागांपैकी एक होय.

वैशिष्ट्ये : बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी दोन वर्षांची, चार सत्रांची असते. शरीररचनाशास्त्र व क्रीडामानसशास्त्राच्या जोडीला धावणे, उड्या आणि फेकीचा सराव असतो. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किग्रॅ., महिलांचा ४ किग्रॅ. वजनाचा असतो, तो मानेलगत धरून २.१३५ मी. व्यासाच्या वर्तुळातून ढकलतात (⟶ गोळाफेक).

महत्त्व : या शिक्षणातून शाळा-महाविद्यालयांना प्रशिक्षित क्रीडाशिक्षक मिळतात व आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी खेळाडू तयार होतात.