'सभ्य गृहस्थांचा खेळ' नेमका कुणाचा?

क्रिकेटला 'सभ्य गृहस्थांचा खेळ' म्हणायची सवय आपल्या डोक्यात इतकी मुरली आहे की हा खेळ घडवला कुणी, हा प्रश्नच आपण विचारत नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. गृहस्थांनी हा खेळ निर्माण केला नाही, ताब्यात घेतला. त्याचे पुरावे इंग्लंडच्याच दप्तरात पडून आहेत.

कष्टकऱ्यांचा इतिहास बखरीत सापडत नाही. तो सापडतो तक्रारीत, दंडाच्या नोंदीत, मृत्यूच्या चौकशीत. इंग्लंडमध्येही तसेच आहे. 1388 च्या कायद्याने नोकर आणि मजुरांना बजावले की रविवारी व सणाला धनुष्यबाणाचा सराव करा, चेंडूचे खेळ सोडा. आठव्या हेन्रीच्या 1541 च्या कायद्याने तर कारागीर, मजूर, नोकर यांना टेनिससारखे खेळ नाताळ वगळता बंदच केले. वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची मालमत्ता असणारा मात्र आपल्या आवारात आपल्या नोकरांना खेळू देऊ शकत होता. म्हणजे खेळ वाईट नव्हता, परवानगीशिवाय खेळणारा मजूर वाईट होता!

क्रिकेटची पहिली पक्की नोंदही कोर्टातलीच आहे. 1598 मध्ये सरे परगण्यातील गिल्डफर्डला एका जमिनीच्या वादात जॉन डेरिक याने साक्ष दिली की शाळेत असताना आपण त्या जागेवर क्रिकेट खेळत होतो. तो तेव्हा 59 वर्षांचा होता, म्हणजे खेळ साधारण 1550 पर्यंत मागे जातो. डेरिक काही मजूर नव्हता, हे मान्य. पण पुढच्या नोंदी पाहा. 1611 मध्ये ससेक्समधील सिडलशम गावात ईस्टरच्या रविवारी चर्चला न जाता क्रिकेट खेळले म्हणून दोघांना दंड झाला. 1622 मध्ये बॉक्सग्रोव्हच्या गावकऱ्यांवर चर्चच्या आवारात खेळल्याचा खटला भरला गेला. खिडक्यांच्या काचा फुटतात, ही त्यातली एक तक्रार. 1624 मध्ये हॉर्स्टेड केन्स येथे जॅस्पर व्हिनॉल झेल घ्यायला धावला आणि चेंडू दुसऱ्यांदा मारू पाहणाऱ्या फलंदाजाची बॅट त्याच्या डोक्यात बसली. तो मेला, म्हणून त्याचे नाव आपल्याला माहीत आहे. दंड झाला नाही आणि जीवही गेला नाही, असे खेळाडू किती असतील!

याच भागात स्टूलबॉल खेळला जायचा. त्यात बसायचे स्टूल हेच लक्ष्य, ते वाचवायचे. तो प्रामुख्याने बायकांचा खेळ. गवळणी दूध काढायच्या तिवईवर तो खेळत, अशी लोककथा आहे.

मग सरदार-जमीनदार आले, आणि पैजा घेऊन आले. 1727 मध्ये रिचमंडचा ड्यूक आणि ब्रॉडरिक यांनी आपल्या सामन्यांसाठी लेखी करार केला. त्यातले एक कलम प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे: खेळाबद्दल मत व्यक्त करणारा खेळाडू सामन्यातून बाद. अपवाद फक्त दोघांना, ड्यूक आणि ब्रॉडरिक! घाम तुमचा, तोंड आमचे. त्या काळातला नामांकित खेळाडू थॉमस वेमार्क हा याच ड्यूककडे मोतद्दार होता. घोडे सांभाळायचे आणि मालकासाठी खेळायचे. 1744 मध्ये लंडनच्या उमराव मंडळींनी नियम लिहून काढले, 1787 मध्ये एमसीसी स्थापन झाली आणि शेतातला खेळ क्लबच्या दारात बंदिस्त झाला.

1806 पासून 'जंटलमेन' विरुद्ध 'प्लेअर्स' असे सामने सुरू झाले. पहिले हौशी, दुसरे पैसे घेऊन खेळणारे. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात यायची दारे वेगळी. धावफलकावर हौशाच्या नावाची आद्याक्षरे आडनावाआधी, व्यावसायिकाची आडनावानंतर. 1950 मध्ये लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस यांची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली.

इथे पाळवणकर बाळू आठवतातच. पुण्यात गोऱ्यांच्या मैदानाची निगा राखणारे, त्यांना सरावासाठी गोलंदाजी करणारे, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणारे बाळू. पण आपल्यातले काहीजण वर्ग आणि जात एकाच मापाने मोजतात, ते आम्हाला पटत नाही. टिटमस यांचे दार वेगळे होते, पण त्यांच्या स्पर्शाने चहा बाटत नव्हता. बाळूंना स्वतःच्या संघातील सवर्ण सहकाऱ्यांपासून दूर, बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही.

इंग्लंडमधला हौशी-व्यावसायिक भेद 1962 मध्ये रद्द झाला. बायकांना मात्र आणखी थांबावे लागले. 1745 मध्ये गिल्डफर्डजवळच्या गॉस्डेन कॉमनवर ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन या दोन गावांतल्या मुलींचा सामना झाला होता, वर्तमानपत्रात त्याची बातमीही आली होती. एमसीसीने बायकांना सभासद करून घ्यायचे ठरवले ते 1998 मध्ये.