सभासदांचा ठराव मांडण्याचा हक्क
भागधारकांनी स्वतःहून सभेपुढे विषय आणण्याचा कायदेशीर अधिकार. नांदेड-लातूर भागात तो मुख्यतः सहकारी साखर कारखान्यांच्या (उदा., मांजरा, भाऊराव चव्हाण) ऊस उत्पादक सभासदांशी निगडित आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७६ नुसार एक-पंचमांश किंवा उपविधीत ठरवलेल्या, यांपैकी कमी असेल तितक्या सभासदांनी लेखी मागणी केल्यास महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. टाळाटाळ झाल्यास निबंधक ती बोलावू शकतो. गावोगाव विखुरलेल्या सभासदांच्या सह्या जमवणे मात्र सोपे नसते. हक्काची खरी कसोटी तिथेच लागते. सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. कंपनीत भांडवलाला वजन: कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १११ खाली ठराव इतरांपर्यंत पोहोचवायला मताधिकार असलेल्या भरणा भांडवलाचा एक-दशांश हिस्सा लागतो आणि खर्च मागणी करणाऱ्यांच्या माथी येतो.